सगळे म्हणतात, अ‍ॅडजस्ट कर

शनिशिंगणापूर,
१२ सप्टेंबर २०२३

ती. मनकर्णाआत्यास,
ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. इथल्या घरांना दारं नसतात हे लग्नाआधी माहीत होतं. फोनवर बोललेलं शेजारच्या ओट्यापर्यंत जातं, हे नव्हतं. म्हणून पत्र.

माणसं चांगली आहेत. पण आमच्या खोलीला नुसता पडदा. मी साडी नेसत असले तरी सासूबाई डबा शोधत सरळ आत येतात, मागोमाग चुलतसासूबाई. काल मी पडद्यापुढे फळी लावली, तर केवढा गहजब! फळी रात्री कुत्री अडवायला असते. दिवसा लावली म्हणजे घरच्यांवर संशय घेतला. आदिनाथ म्हणाले, थोडं अ‍ॅडजस्ट कर. माहेरी आईचंही तेच.

मी फार थकले आहे गं. दिवाळीला आले की परत यायचंच नाही, असं मनात आहे. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस, या ‘अ‍ॅडजस्ट’चा अर्थ तरी नीट सांग.

उत्तराची वाट बघते.
तुझी, ज्ञानू

नगर,
१८ सप्टेंबर

चि. सौ. ज्ञानेश्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले नाही, डोळेच भरून आले.

हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ ‘जवळ आणणं’. इंग्रज माणूस चष्मा, घड्याळ, खुर्ची, सगळंच अ‍ॅडजस्ट करतो. आपण तो शब्द सुनांसाठी राखून ठेवला. एकीनेच सरकत राहायचं, असं त्यात कुठेही नाही. पण हे मला कळून काय उपयोग? मालनबाईंना सांग. त्या तुझ्या सासूबाई आहेत, वैरीण नव्हे. भांडू नकोस, पण गिळूही नकोस.

तरी नाहीच जमलं, तर मी स्वतः न्यायला येईन.

माया आहेच, ती वाढती राहो.
तुझी आत्या

शनिशिंगणापूर,
२९ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शेंगा फोडताना सासूबाईंना सगळं सांगितलं, दिवाळीचंसुद्धा.  त्या म्हणाल्या, लग्न होऊन आल्यापासून त्या ओल्या न्हाणीतच लुगडं नेसत आल्या. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

काल मी केस पुसत होते. पडद्याबाहेर पावलं थांबली. फटीतून दिसलं, चुलतसासूबाई आत घुसणार, तर सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि विचारलं,

“ज्ञानू, येऊ का गं आत?”

त्यांच्याच घरात, आत्या. मी केस बांधून ‘या’ म्हणेपर्यंत त्या तशाच बाहेर थांबून राहिल्या.

दिवाळीला येते. भाऊबीज झाली की परतीची एसटी धरायची आहे, राहण्याचा आग्रह करू नकोस.

तुझी, ज्ञानू