सयाजी येईपर्यंत

सातारा, ता. ४ फेब्रुवारी १९४६

ती. सौ. राहीवहिनींस नाथाजीचा शि. सा. न. वि. वि.

घुम्, घुम्, घुम्. आईच्या रवीचा तो आवाज अजून कानात आहे. मी शाळेतली आर्या म्हणायचो आणि ती त्या चालीवर ताक घुसळायची. मी चुकलो की रवी थांबायची.

आपले पत्र पोचले. दादांना डॉक्टरांनी आठवड्याची मुदत सांगितली आणि पलटणीतल्या सयाजीची बोट पंधरवड्याशिवाय मुंबईला लागत नाही. लेकाला बापाचे तोंड दिसावे म्हणून मी औषध घेऊन सांगलीस यावे, ते गेल्यावर देह टिकवावा, असा मजकूर.

विद्या जुनी आहे, वहिनी. मिसर देशात राजाला खारात वाळवून कापडात गुंडाळत, सत्तर दिवस ते काम चाले. सिकंदराला मधात ठेवले म्हणतात. आपल्याकडे साधूला मिठात बसवतात. मग साहेबाने फार्मलीन आणले. मांडीची शीर उघडून ते अंगभर कसे पोचवायचे, हे मी पुण्यात डॉक्टरी शिकणाऱ्यांच्या मुडदेघरात शिकलो. तीस वर्षे परक्यांची मढी टिकवली.

आणि आई? एकोणीस साली ती गेली, तेव्हा मी निघालोय ही तार दादांच्या हातात होती. "मुडदं हाताळणाऱ्याचा हात आईला लागायचा न्हाई," म्हणाले आणि सरण पेटवले. मला मिळाली गाडगंभर राख. आता तेच हात हवेत? मी येणार नाही. उशीर म्हणजे काय, ते त्यांच्या लेकालाही कळू दे.

लोभ आहे, तो तुमच्यापुरता.

नाथाजी


सांगली, ता. ८ फेब्रुवारी

चि. नाथाजीभावजींस राहीबाईचे अनेक आशीर्वाद.

शेजारच्या लीलाबाईच्या लेकीकडनं लिहून घेतेय. तुमचं पत्र त्यांनी दोनदा वाचायला लावलं. रागावले न्हाईत. म्हणाले, "नाथा बरोबर हाय. ते मी जाणूनबुजून केलं. पर त्यानं राग माज्या मढ्यावर काढावा, पोरावर नगं." चार वर्सं झाली सयाजीला बघून. दारात गाडी वाजली की मान वळवत्यात.

मी नवी नवरी होते तवा ताकावरचं लोणी चोरून मला आणून देत होता तुमी. एवढं कडू कवा झालात?

माया आटली असंल तरी या.

राहीबाई


सातारा, ता. १३ फेब्रुवारी

ती. गं. भा. राहीवहिनींस शि. सा. न.

इतकी वर्षे 'सौ.' लिहिणारा हात आज अडखळला. थोडाच.

तार मिळाली. दादा परवा पहाटे गेले, भाऊबंदांनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि उरकले. तार वाचून मी चहा केला, घोट घोट प्यालो. खोटे कशाला लिहू, गोड लागला. तुमचे पत्र आले त्या दिवशी पिचकारी उकळून, बाटल्या पेटीत भरून ठेवल्या होत्या. दोनदा स्टेशनच्या वाटेला लागलो आणि दोनदा परतलो. आईचा चेहरा आठवायला बसलो की नुसता धूर आठवतो. त्या धुराने मला परत फिरवले. सत्तावीस वर्षांनी फिटंफाट झाली. पोरासाठी राख जपून ठेवा, ती

इथवर लिहिले आणि कडी वाजली. वहिनी, दारात सयाजी आहे. खाकी कपडे, खांद्यावर बिस्तरा. बोट लवकर लागली, पलटणीने काल सोडले. सरळ सांगलीला जाणारच होता, पण दादांनी महिन्यापूर्वीच त्याला पत्रातून बजावले होते म्हणे, "आधी काकाला घे, त्याच्या पाया पड, मगच माज्या दारात ये." म्हणून वाकडी वाट करून तो इथे आला.

अजून उंबऱ्याबाहेरच आहे. बापाविषयी विचारतोय, "काका, आबा कसं हायती?"