वरच्या मजल्याचा थेंब

कोल्हापूर, शुक्रवार दुपार

चि. अरिहंत यास दादाचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. रुचिताला आणि पोरांना जयजिनेंद्र.

पत्र बघून घाबरू नकोस. घरातली माणसं सगळी धड आहेत, फक्त माझा फोन गेला. तो काल बादलीत पडला, सध्या तांदळाच्या डब्यात झोपून आहे आणि तुझी पद्मजावहिनी म्हणते, आता त्याच तांदळाबरोबर शिजवा. तिच्या फोनवरून तुला बोललो असतो, पण तुझं नाव ऐकलं की आई फोन ओढून घेते, आणि मला जे सांगायचंय ते आईदेखत सांगण्यासारखं नाही. उद्या संध्याकाळी शेजारचा पृथ्वीराज पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र पाठवतो. तुझी कंबर कशी आहे? मागं स्वतःच्या हातानं बेसिन बसवताना धरली होती, ती सुटली का अजून वाकूनच ऑफिसला जातोस? जपून राहा. आमच्याकडे हवा थंड आहे, नवा गूळ आलाय आणि माझा जीव टांगणीला लागलाय.

कारण असं, की उद्या सकाळी आपल्या घरी मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका, म्हणजे सोवळ्यातलं स्वयंपाकघर, आहे. पुण्यात राहून तू नियम विसरला असशील म्हणून परत सांगतो (रुचिता विसरलेली नसेल, ती हसेल). महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. ओंजळीत केस पडला, किडा पडला, काही भलतं पडलं की अंतराय झाला. मग महाराज ओंजळ सोडून देतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. शिवाय कुणाच्या दारी थांबायचं ते आधी ठरलेलं नसतं. मनात काहीतरी विधी, म्हणजे एखादी खूण, धरून निघतात आणि तो जिथं जुळेल तिथं थांबतात. म्हणून कुणी नारळ धरून उभा राहतो, कुणी कलश, कुणी ऊस. (मागच्या खेपेला कोपऱ्यावरच्या आण्णांनी अननस धरला होता. महाराज पुढे गेले, अननस आम्ही खाल्ला.) परवा महाराजांचा बाहुबलीकडं विहार आहे, म्हणजे आपल्याला उद्याचाच एक दिवस. आणि आईनं दिवाळीपासून चहा सोडलाय. घरात महाराजांचा आहार झाल्याशिवाय चहा नाही, असा नियमच घेतलाय. तुला आई माहीत आहे आणि आईचा चहाही माहीत आहे, पण चहा सोडलेली आई तू बघितलेली नाहीस. ती रागवत नाही, भांडत नाही, नुसती बघते. दूधवाला हल्ली घंटी न वाजवता पिशवी ठेवून पळतो.

आता खरं दुखणं ऐक. महाराज जिथं उभे राहणार, बरोबर त्याच जागी स्लॅबमधून थेंब पडतोय. त्या जागेच्या वर काय आहे ते तुला सांगायला नको. तुझं बाथरूम आहे. तू पुण्याला गेल्यापासून वरच्या मजल्याला कुलूप आहे. कुलूप तुझं, किल्ली पुण्यात, पाणी मात्र आमच्याकडे. चौका दुसऱ्या खोलीत मांडूया असं मी म्हणून बघितलं. त्यावर आई एवढंच म्हणाली की, "तुझ्या बाबांनी ह्याच जागंवर आहार दिलता," आणि खाली मान घालून जमीन पुसत राहिली. मी तो विषय सोडला. तूही सोडला असतास.

मग घरात दोन पक्ष पडले. पद्मजा म्हणाली, कृष्णात प्लंबरला बोलवा. मी म्हणालो, एका थेंबासाठी प्लंबर कशाला? (हे वाक्य माझं नव्हे, तुझंच आहे. गेल्या मे महिन्यात जेवताना तू सांगत होतास की पुण्यात आता सगळेच घरची कामं स्वतः करतात, व्हिडिओ बघायचा आणि पाना घ्यायचा. तेव्हा मी मान हलवली होती, आज ती मान दुखतेय.) मी व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस पांढऱ्या शुभ्र शर्टात होता, एकदाही भिजला नाही, आणि दर वाक्याला म्हणत होता की हे अगदी सोपं आहे. पद्मजानं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्या बायकोचा व्हिडिओ हाय का बघा जरा."

आधी खालून बंदोबस्त केला. शिडीवर चढून थेंबाच्या तोंडात पांढरं सिमेंट दाबून भरलं. थेंब थांबला. मोठ्या डौलात पद्मजाला हाक मारून दाखवलं. ती वर बघत होती तेवढ्यात थेंब तिच्या कपाळावर पडला. म्हणजे तो थांबला नव्हता, वीतभर सरकला होता. तिथं भरलं तर आणखी पुढे सरकून चुलीच्या रोखानं निघाला. चुलीवर पडण्यापेक्षा जुन्या जागी पडलेला परवडला असं वाटून मी भरलेलं सगळं खरवडून काढलं. त्याचा परिणाम असा झाला की थेंब जुन्या जागी परत आला आणि नव्या जागाही त्यानं सोडल्या नाहीत.

मग गच्चीवर गेलो. तुझ्या मजल्याला जाणारा कॉक बंद केला की पाणी तुटणार, हे शुभ्र शर्टवाल्यानं सांगितलं होतं. त्या कॉकला तू गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. हातानं फिरेना, पान्यानं फिरेना, म्हणून मी पान्यावर पाय देऊन उभा राहिलो. फिरला. फिरून तो माझ्या पायाशी पडला आणि टाकीतलं पाणी माझ्या छातीवर आलं. खाली बादली लावायला वाकलो तेव्हा खिशातला फोन आधी बादलीत गेला. पाणी थांबवता येईना, अंगठा घालून किती वेळ उभा राहणार? शेवटी टाकी रिकामी होईपर्यंत बघत बसलो. गच्चीवरून पाणी जिन्यानं खाली आलं, अंगणात आलं, गल्लीत गेलं. आण्णा त्यांच्या दारातून ओरडले, "बापूसो, नदी सोडलीसा व्हय?" चौक्याचं पाणी विहिरीचं असतं, ते सोवळ्यात आणून गाळून ठेवलंय, त्यामुळे आहाराची अडचण नाही. आपल्या अंघोळीची मात्र आहे.

शेवटी आज सकाळी पद्मजानं मला न विचारता कृष्णातला फोन लावला. तो म्हणाला, "आलोच की." (कृष्णातचं आलोच म्हणजे अजून तो जेवायला बसायचाय असं समजायचं.) तो आला तो कुणाच्यातरी जावळाच्या जेवणावरून थेट आला, तांबड्या रश्श्याचा डाग शर्टावर साक्षीला होता. गच्चीवरचा कॉक हातात घेऊन त्यानं इकडून तिकडून बघितला आणि म्हणाला, "बापूसो, ह्याला कुणी मारलं?" मग त्यानं निदान केलं. टाकी रिकामी आहे, म्हणजे वरून नवीन पाणी येत नाही. पण स्लॅब पाणी पिऊन बसलाय, तो पोटातलं सगळं गाळून टाकल्याशिवाय थांबायचा नाही, आणि त्याला दोन दिवस तरी लागणार. मी हात जोडले, म्हणालो, बाबा रे, उद्या सकाळी आहार आहे, आत येऊन एकदा बघ तरी.

आत कसला येतोय. उंबऱ्यात आई उभी होती. चौका धुऊन झालाय, बाहेरच्या कपड्यातलं माणूस आत जाणार नाही. तिनं कृष्णातच्या शर्टाकडे बघितलं फक्त. तो चार पावलं मागं सरला, गेला तो घराला वळसा घालून चौक्याच्या खिडकीत प्रकटला. मग असं ठरलं की सोवळ्याच्या ओल्या धोतरात शिडीवर मी, आणि खिडकीबाहेर कृष्णात. हात माझे, अक्कल त्याची. वर एखादा प्लॅस्टिकचा मोठा कागद उतरता बांधायचा, थेंब त्यावर झेलायचे आणि कोपऱ्यातल्या बादलीत सोडायचे. खालून आपला नेहमीचा पांढऱ्या कापडाचा चांदवा लावायचाच आहे, तो सगळं झाकेल. कागद कुठला? कृष्णात म्हणाला, "माझ्याकडं फ्लेक्स हाय की."

हा फ्लेक्स त्याचाच आहे. मागच्या महिन्यात त्याच्या वाढदिवसाला तालमीच्या पोरांनी चौकात लावला होता, तू बघायला हवा होतास. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी, दोन्ही हात जोडलेले, आणि वर लिहिलंय, 'गल्लीचं काळीज कृष्णातदादा'. तो आम्ही गाळलेल्या पाण्यानं धुऊन घेतला. मी म्हणालो, चित्र वरच्या बाजूला करू. तर कृष्णात खिडकीतून कडाडला, "माझ्या तोंडावर पाणी? वाढदिवसाचं वरीस सरायचंय अजून माझं. तोंड खाली करा, तोंड खाली." त्यापुढं "डावीकडं ताणा" आणि "कुणाच्या डावीकडं" असं बराच वेळ चाललं. एकदा मी शिडीसकट कलंडलो तेव्हा तो खिडकीचा गज धरून म्हणाला, "पडू नका पावणं, मला आत येता येत न्हाय." पण बांधला. खालून चांदवा लावला. आईनं मान वर करून बघितलं, पांढरंशुभ्र दिसलं, ती समाधानानं देवाजवळ जाऊन बसली.

तर अरिहंत, ह्या घटकेला मी चांदव्याखाली पत्र लिहीत बसलोय. वर फ्लेक्सवर टप्प, टप्प वाजतंय. दर आवाजाला मी मान वर करून बघतोय. उद्या महाराजांची ओंजळ पुढे आली आणि ह्यातला एक थेंब चुकून खाली आला, तर महाराज माझ्यापायी उपाशी जातील आणि आईचा चहा जन्माचा गेला. तिचं वय काय झालंय ते तुला ठाऊक आहे. मला भीती वाटते, हे तुला सोडून कुणाला सांगू?

मागणं एवढंच आहे. वरच्या मजल्याची किल्ली कुरिअरनं पाठव, म्हणजे कृष्णात आत जाऊन पाइप बदलेल. तुला यायची काही गरज नाही, तुझं काम खोळंबायला नको. आणि आईला ह्यातलं काही कळवू नकोस.

तुझा दादा,
बापूसो

ता. क. शनिवार सकाळ, आहाराआधी. पाण्याचा आवाज बंद झाला म्हणून मला आनंद झाला होता. कृष्णातनं खिडकीतून सांगितलं, आवाज बंद व्हायचं कारण वेगळं आहे. फ्लेक्स वाऱ्यानं फाटू नये म्हणून पोरं त्याला कापे मारून ठेवतात, ते आम्ही दोघंही विसरलो. आता पाणी त्या काप्यांतून चांदव्यात मुरतंय. काढून दुसरं लावायला वेळ नाही. पद्मजा कलश घेऊन दारात उभी आहे. मी निघालो.

ता. क. दुपार. महाराज आपल्या दारावरून सरळ पुढे गेले. आई दाराला धरून उभी होती, तिचे ओठ हलायचे थांबले. आण्णांच्या अननसापर्यंत जाऊन महाराज वळले आणि आपल्या दारात थांबले. मी चांदवा चाचपायला परत शिडीवर चढलो होतो, तसाच धावलो, माझा नारळ आतच राहिला. विधी काय जुळला ते देव जाणे.

आई पाणी देत होती. सगळे महाराजांच्या ओंजळीकडे बघत होते, मी एकटा वर बघत होतो. चांदवा भिजून फ्लेक्सला चिकटला. आधी गॉगल दिसायला लागला. मग मिशी. मग जोडलेले हात. थोड्या वेळात सगळा कृष्णात पांढऱ्या कापडातून स्वच्छ दिसू लागला, महाराजांच्या बरोबर डोक्यावर, नमस्कार करून. तेवढ्यात महाराजांची नजर वर गेली. ओंजळ तिथंच थांबली. आईच्या हातातली लोटी थांबली. मग महाराजांनी खिडकीकडे बघितलं. तिथं तोच गॉगल, तीच मिशी, तसेच हात जोडलेले, फ्लेक्स टिकतोय का बघायला कृष्णात येऊन उभा होता. महाराज हसले असं मी म्हणणार नाही, मुनींच्या बाबतीत असं बोलू नये. पण त्यांनी ओंजळ पुढे केली, आणि आई पाणी घालायला लागली. एक थेंब खाली आला नाही, सगळं पाणी चिकटलेल्या कापडाच्या उतारानं बादलीत गेलं. आहार निरंतराय झाला. मी न्हाणीत जाऊन रडलो. (न्हाणीत पाणी नव्हतं, त्यामुळे तोंड धुता आलं नाही आणि सगळ्यांना कळलं.)

ता. क. किल्ली पाठवू नकोस. त्याचं असं झालं. महाराज गेल्यावर पद्मजानं आईला चहा करून दिला. आईनं बशीत ओतून शांतपणे सगळा प्याला. मग मला म्हणाली, "वरनं बघत हुता त्यो कोण? मी बघितलो की सगळं, डोळ्याचं आपरेशन झालंय माझं." मी थेंबापासून कॉकपर्यंत खरं ते सांगून टाकलं. तिनं कृष्णातला अंगणात बसवून स्वतः चहा नेऊन दिला. मग म्हणाली, "घर बंद ठेवलं की पाणी आपली वाट शोधतंय. त्याला कुलूप कळत न्हाय."

आणि बशी पालथी घालून आईनं परत चहा सोडला. ह्या खेपेचा नियम असा, की तू स्वतःच्या हातानं वरचं कुलूप काढेपर्यंत. कुरिअरनं आलेली किल्ली चालणार नाही, मी विचारून घेतलंय. कृष्णात विचारतोय, वरचं काम कधी काढायचं? मी त्याला सांगितलं, आईचा चहा सुरू झाला की.