गॅलरीचं दार

नागपूर,
१८ फेब्रुवारी १९५८

प्रिय सुमे,

तुझं काटोलहून आलेलं पत्र उशाशी घेऊन बसले आहे. वसंतरावांची नागपूरला बदली झाली, क्वार्टर मिळालं, तेही वरच्या मजल्यावर, पुढे गॅलरी असलेलं. गॅलरीत भिवापुरी मिरच्या वाळत घालीन, बाळूला खेळायला सोडीन, संध्याकाळी तू ऑफिसातून येताना दिसलीस की वरून हाक मारीन, असं तू लिहिलंस. एरवी मी उलट टपाली उत्तर धाडलं असतं आणि नव्या घरातला पहिला चहा माझा म्हणून हक्क सांगितला असता. या वेळी हातच चालेना. म्हणून आधी माझं पुराण सांगते, कंटाळू नकोस.

माझं ऑफिसात छान चाललंय, असं आईला सांग. तुला खरं सांगते. इंजिनिअरची डिग्री घेऊन मी दिवसभर नकाशे काढते. साइटवर बायकांनी घमेली वाहिलेली सगळ्यांना चालतात, पण मी तिथे गेले तर मजुरांचं कामावरचं लक्ष उडेल, असं आमच्या मधुकरराव साहेबांना वाटतं. साहेब माणूस वाईट नाहीत. माझ्या टेबलाशी पंखा त्यांनीच लावून दिला. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं.

गेल्या दिवाळीनंतर एकदा मला साइटवर न्यायला चक्क जीप आली. नव्या क्वार्टरांच्या वरच्या मजल्याला गॅलऱ्या आहेत, त्यांचा स्लॅब त्या दिवशी टाकायचा होता. त्या गॅलऱ्यांचा नकाशा माझा. मी टेप घेतला, पदर खोचला, काय फुशारले होते म्हणून सांगू! उतरल्याबरोबर चंद्रभान मिस्त्रीने माझ्या हातात हळदीकुंकवाचं ताट दिलं. स्लॅब टाकण्याआधी ते कुमारिकेच्या हातून लोखंडी सळ्यांची पूजा करतात, आणि अठ्ठावीस वर्षांची घोडनवरी का होईना, ऑफिसात कुमारिका मी एकटीच. हसू नकोस. मीही आधी हसलेच.

शेवटच्या गॅलरीच्या सळ्यांना कुंकू लावलं, नीट वाकून पाहिलं आणि माझं हसू पळालं. सगळ्या सळ्या तळाशी होत्या. आपल्या परसातला पेरू आठवतो? तू टोकाला जाऊन लोंबकळलीस तेव्हा फांदी वरून फाटली होती, खालून नाही. भिंतीतून नुसतीच पुढे आलेली गॅलरीही वरून फाटते, म्हणून तिथे लोखंड वर हवं. नकाशात मी ते वरच दाखवलं होतं. पण चंद्रभानने जन्मभर खोल्यांचे स्लॅब टाकलेले. त्यात सळ्या खाली असतात, म्हणून त्याने इथेही खालीच अंथरल्या. मी सांगितलं, विनवलं. तो अदबीनेच म्हणाला, "बाई, तुमच्याच हातानं कुकू लागलं. आता या सळाखीले कोनी हात नाही लावत. मुहूर्त चाल्ला."

मी साहेबांकडे धावले. लोखंड त्यांनी सकाळीच पाहून पास केलं होतं, आता चार माणसांत ते शब्द मागे कसा घेणार? त्यांनी मला पेढा दिला आणि जीपमध्ये बसवलं. माझ्यादेखत घमेली वर चढू लागली. पुढे मोठ्या साहेबांना लेखी कळवलं, तर ते चौकशीला मधुकररावांकडेच आलं. खालचे टेकू काढले तरी गॅलऱ्या उभ्या राहिल्या, तेव्हा ऑफिसभर माझं हसं झालं. तुझं पत्र आल्यावर रविवारी मी एकटीच तिथे जाऊन आले. कोपऱ्यातल्या क्वार्टरच्या गॅलरीत, भिंतीलगत, वरच्या अंगाला, केसासारखी चीर गेली आहे. कोणीतरी तीत चुना भरला आहे.

सुमे, तू पत्रात पत्ता दिलास ते हुडकेश्वरच्या वाटेवरचं कोपऱ्यातलं क्वार्टर हेच. ते घेऊ नका असं मी म्हणणार नाही. वसंतराव ऐकायचे नाहीत आणि तुम्ही दुसरीकडे राहणार तरी कुठे? एवढंच मागते की गॅलरीत मिरच्या घालू नकोस, पाऊल टाकू नकोस, बाळूला तर मुळीच जाऊ देऊ नकोस. आल्या दिवशी त्या दाराला खिळे ठोकून घे. शेजारीपाजारी आणखी बिऱ्हाडं येतील. त्यांना मी कोण म्हणून सांगू? सांगितलं तरी कुंकू लावायला आलेल्या बाईचं कोण ऐकतं? तू निदान माझी बहीण आहेस. पेरूवर चढलीस तेव्हा मी खालून घसा फोडून सांगत होते, उतर म्हणून, आणि तू मला जीभ काढून दाखवलीस. तुझा तो हात अजून सरळ होत नाही. या वेळी तरी ऐक गं माझं.

तुझीच,
ताई