शेतात पुरलेलं बनियन

९ सप्टेंबर

चि. गांडूळबाईस, अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. दुसऱ्या गुडघ्याचे टाकेही सुकले. व्यायाम शिकवायला एक बाई येतात, त्या मला गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवतात आणि शाबासकी देतात. चाळीस वर्षं नांगरामागे चाललो, तेव्हा कोणी शाबासकी दिली नाही! तुझा दादा सकाळी कामावर जातो. सूनबाई घर आणि ऑफिस दोन्ही सांभाळून मला काय हवं-नको ते विचारते. तुझ्या काकूने कपड्यांचं खातं घेतलं आहे. धुण्यात माझी आणि दादाची बनियनं एक होतात, म्हणून तिने माझ्या प्रत्येक बनियनला गळ्यापाशी दोऱ्याची फुली घातली आहे. आरशात पाहिलं की मी कैदी असल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्याचं. काल शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. तो म्हणाला की विहिरीकडच्या अर्ध्या शेतात तुम्ही गेल्यापासून नांगर फिरलेला नाही. पिकाचा काड-कचरा तसाच पडलेला आहे, त्यातच पेरणी होते, आणि लांबून बघितलं तर शेताने आठवडाभर दाढी केली नसावी असं दिसतं. मला घाम फुटला. माझ्या शेतातल्या नांगराच्या तासांवर लोक दोरी धरून बघायचे, एक तास वाकडा निघाला तर मी रात्री नीट जेवत नसे. आणि शेत तुझ्यावर सोपवून दादाकडे आल्यापासून दोन वर्षं तू मला फोनवर "सगळं छान आहे" म्हणत होतीस!

लहानपणी ओंजळीत गांडुळं घेऊन माजघरात यायचीस, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. फेब्रुवारीत मी परत येतोय. त्याआधी सगळं शेत एकसारखं नांगरून घे. ट्रॅक्टरवाल्याला मी सांगून ठेवलं आहे. फोन करू नकोस. मागच्या वेळी खताच्या हिशेबावरून आपण दोघं इतके ओरडलो की काकूने फर्मान काढलं, यापुढे शेताचं भांडण कागदावर.

रागात असलो तरी तुझाच,
काका

•

१७ सप्टेंबर

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गुडघ्याचं वाचून बरं वाटलं, पुढचं वाचून वाटलं नाही. काकूचं फर्मान मात्र शहाणपणाचं आहे. फोनवर तुम्ही मला वाक्य पूर्ण करू देत नाही, कागदावर तुमचा इलाज नाही.

लपवलं, हे खरं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, हेही खरं. म्हणून अर्ध्यातच केलं. रस्त्याकडचा अर्धा भाग तुमच्या पद्धतीने दरवर्षी नांगरला जातो, ठरलेलं खत पडतं, तास सरळ आहेत. तुमच्या बातमीदाराने ते सांगितलं नसेल.

काका, प्रयोगशाळेत मी सहा वर्षं लोकांच्या मातीच्या पिशव्या तपासल्या. माती आंबट किती, त्यात नत्र किती, स्फुरद किती, सगळं आकड्यांत लिहून द्यायचे. पण पुष्कळ पिशव्यांतली माती हातात घेतली की पिठासारखी भुरभुरायची, तिला वासच नसायचा. आकडे बरे असायचे आणि माती मेलेली असायची. आपल्या मातीला जो वास येतो ना, तो तिच्यातल्या जिवांचा. डोळ्यांना न दिसणारे जंतू आणि केसाहून बारीक बुरशीचे धागे मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात, जुन्या मुळांच्या वाटांनी पाणी खाली जातं. नांगर दरवर्षी येऊन त्यांचं बांधलेलं घर मोडतो. पुन्हा बांधायला बसतात तोवर पुढचा नांगर हजर. जमीन उघडी राहिली की ऊन उरलंसुरलं काम करतं.

सगळं गोड आहे असं म्हणत नाही. पहिल्या वर्षी विहिरीकडे गहू कमी आला. तण उपटून कंबर मोडली. तेव्हा मी एकटीच बांधावर बसून रडले, कोणाला सांगू नका. यंदा मात्र दोन्हीकडे सारखा आला, आणि विहिरीकडे खत निम्मं लागलं. आता एका दिवसात नांगर फिरला तर ही दोन वर्षं पाण्यात जातील, आणि मला पुन्हा उभं राहायचं बळ येईल की नाही, माहीत नाही.

म्हणून एक मागते. तुमची दोन जुनी बनियनं पाठवा. हसू नका. सुती कापड म्हणजे मातीतल्या जिवांचं खाणं. एक तुमच्या भागात पुरते, एक माझ्या. दोन महिन्यांनी काढू. जिथे कापड जास्त खाल्लं गेलं, तिथली माती जास्त जिवंत. माझं हरलं तर सगळं शेत नांगरायला मी स्वतः ट्रॅक्टरवाल्याला बोलावीन. बनियनं तुमचीच हवीत, म्हणजे मी लबाडी केली असं कोणी म्हणणार नाही. सुतीशिवाय तुमच्या अंगाला काही चालत नाही हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

काकूला नमस्कार, दादा-वहिनींना आठवण. तुमचा राग शेतावर असू द्या, माझ्यावर नको.

तुमची,
गांडूळबाई

•

२५ सप्टेंबर

चि. गांडूळबाईस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचलं आणि बनियनपाशी आल्यावर तिला इतकं हसू आलं की पुढचं मला वाचावं लागलं. दादा म्हणाला, बाबा, पैज घ्या. मी घेतली. जंतूंना माझी बनियनं गोड लागतात की काय ते बघूच.

सोबत दोन पाठवली आहेत. ट्रॅक्टरवाल्यासमोर पुर, त्याच्याच समोर काढ. मध्ये उकरून बघायचं नाही, तुझी सवय मला माहीत आहे. लहानपणी बी पेरून दुसऱ्याच दिवशी उकरायचीस.

बांधावर बसून रडलीस हे काकूने दोनदा वाचलं. मीही वाचलं. पण पैज ती पैज.

जिंकायला बसलेला तुझा,
काका

•

२९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आज बनियनं काढली. ट्रॅक्टरवाले हजर होते, येताना ते आणखी तिघांना घेऊन आले. आपल्या बांधावर इतकी माणसं मी कधी पाहिली नाहीत.

आधी तुमचा भाग. तिथलं बनियन पाठीत चार-पाच ठिकाणी भोकं पडून, बाकी शाबूत निघालं. घालून बाजारात गेलं तर लोक फक्त गरीब म्हणतील. मी मनात खूश झाले. मग माझा भाग. फावडं हलकंच टाकलं, माती काळी, भुसभुशीत, तिच्यात गांडुळं इतकी की ट्रॅक्टरवालेही वाकून बघायला लागले. आणि मग बनियन निघालं. काका, एकही भोक नाही. काठ उसवलेला नाही. मातीत इतकं गोरंपान काही मी पाहिलं नव्हतं. एक गांडूळ त्याच्या बाहीतून आरामात फिरत होतं, जसं काही भाड्याने खोली घेतली आहे.

 ट्रॅक्टरवाल्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांनी चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

मी कारणं सांगत बसणार नाही. शब्द दिला आहे. पुढच्या आठवड्यात नांगर फिरवायला त्यांना सांगितलं आहे. दोन्ही बनियनं धुऊन पार्सलने पाठवते, म्हणजे तुम्हाला डोळ्यांनी बघता येतील. लाल फुलीचं तुमच्या भागातलं, हिरव्या फुलीचं माझ्या.

आज जेवण गेलं नाही, पण तब्येत ठीक आहे, काळजी नको. हरलेलीवरही लोभ करावा लागतो, तेवढा करा.

तुमची,
गांडूळबाई

•

५ डिसेंबर

चि. गांडूळबाईस, अनेक अनेक आशीर्वाद.

नांगर थांबव. हे पत्र पोचायला उशीर झाला तर म्हणून ट्रॅक्टरवाल्याला फोन करून सांगितलं आहे. तुला फोन केला नाही, कारण मला वाक्य पूर्ण करायचं होतं.

तुझं पत्र आलं तेव्हा घरात मी एकटा होतो. वाचून खुर्चीतून उडालोच, गुडघा विसरून. जिंकलो! मग शेवटच्या परिच्छेदाशी आलो आणि हिरव्या फुलीपाशी थांबलो.

काकूची रीत सांगतो. गावाकडून आणलेल्या माझ्या जुन्या सुती बनियनांना लाल फुली. इथे आल्यावर सूनबाईने हौसेने आणलेल्या नव्या बनियनांना हिरवी. ती नवी बनियनं दिसायला झकास, पण सुती नाहीत. अंगाला खाज सुटते. तिला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही, ती कपाटात मागे सरकवत राहिलो. तू बनियनं मागितलीस तेव्हा एक हिरवं त्यात घातलं. वाटलं, एक तरी ब्याद परस्पर जमिनीत जाईल. तुझ्या पत्रात सुती लिहिलं होतं हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. कोणतं कुठे पडेल हे तुझ्या हातात होतं, आणि तुझ्या हाताने नेमकं तेच तुझ्या वाट्याला आलं. प्लास्टिकचा धागा कोणते जंतू खाणार? आणि तू ग! सहा वर्षं प्रयोगशाळेत काढलीस आणि पुरण्याआधी एक धागा पेटवून बघितला नाहीस? सुती असेल तर राख होते, नाहीतर वितळून गोळी होते, हे तुझी काकूसुद्धा जाणते. काकांवर इतका विश्वास बरा नव्हे.

खरं सांगू? दोन दिवस मी ते पत्र उशीखाली ठेवलं. कोणाला कळणार नव्हतं. नांगर फिरला असता, तास सरळ दिसले असते. पण तू बांधावर बसलेली दिसायची. शिवाय आणखी एक गोष्ट टोचत होती, तीही लिहितो. तुझं खरं ठरलं तर माझी चाळीस वर्षं काय? मी रोज उठून जमिनीचं घर मोडत होतो का? सरळ तास बघून छाती फुगवत होतो आणि खाली कोणी मरत होतं का? या वयात असा प्रश्न पडणं चांगलं नाही.

मग काल पार्सल आलं. ते नेमकं सूनबाईने उघडलं. हिरव्या फुलीचं बनियन हातात घेऊन ती बघतच राहिली. मी सगळं कबूल केलं. ती रुसेल असं वाटलं होतं, पण ती इतकी हसली की काकू स्वयंपाकघरातून धावत आली. म्हणाली, बाबा, जमिनीतसुद्धा पचलं नाही, तुम्हाला कसं पचणार? संध्याकाळी माझ्यासाठी सुती घेऊन आली.

सोबत लाल फुलीचं एक जुनं पाठवतो. मी स्वतः धागा पेटवून बघितला आहे. विहिरीकडे पुर. या वेळी काढायला मी येतो.

हरायला तयार असलेला तुझा,
काका

•

१४ डिसेंबर

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

बनियन पुरलं. आधी मीही एक धागा पेटवला. राख झाली. तो पेटवायचा राहिला होता ही चूक माझी, आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या जुन्या साहेबांना हे कळलं तर ते मला ओळख दाखवणार नाहीत.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चाळीस वर्षांचं लिहिलंत तिथे रडू आलं, म्हणून उत्तर लगेच लिहिते. आजूबाजूचे सगळे काड जाळायचे तेव्हा तुम्ही एकदाही जाळलं नाही. घरच्या गुरांचं शेणखत तुम्ही दरवर्षी शेतात ओढलंत, पाठ दुखत असतानाही. माझे जंतू दोन वर्षांत आकाशातून पडले नाहीत काका. तुम्ही राखलेले होते, मी त्यांना फक्त निवांत बसू दिलं. ज्या पिशव्यांतल्या मातीला वास नव्हता, ती माती अशा शेतातून आली होती जिथे तुमच्यासारखं कोणी नव्हतं. नांगराशी माझं भांडण आहे, तुमच्याशी नाही.

फेब्रुवारीत मला आईकडे जावं लागेल, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तुम्ही याल तेव्हा मी नसेन. किल्ली ट्रॅक्टरवाल्यांकडे ठेवते. बनियनच्या जागी काठी रोवली आहे. माझी वाट बघत थांबू नका, तुम्हालाही उकरायची सवय आहे, मी कोणाकडून शिकले?

वहिनीला माझ्याकडून शाबासकी. माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
गांडूळबाई

•

२१ फेब्रुवारी

चि. गांडूळबाईस, अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं परवा घरी पोचलो. तुझ्या आईचा डोळा कसा आहे ते सविस्तर कळव.

आज सकाळी शेतात गेलो. ट्रॅक्टरवाल्याने खुर्ची आणली होती, मी नको म्हणालो. व्यायामाच्या बाईंनी खाली बसायला मनाई केली आहे, त्यांना कळवू नकोस. काठीपाशी उकिडवा बसलो. दोन वर्षांनी माझे गुडघे जमिनीच्या इतक्या जवळ आले. फावडं लागलंच नाही, हातानेच माती बाजूला झाली. तिचा वास आला, लहानपणी मला पहिल्यांदा शेतात नेलं होतं तेव्हाचा. मला वाटायचं, वय झालं म्हणून हा वास यायचा बंद झाला.

बनियन शोधत राहिलो. ट्रॅक्टरवाला म्हणाला, दुसरीकडे पुरलं असेल. मी म्हटलं, जागा हीच. मग बोटाला काहीतरी लागलं. काकूने प्लास्टिक मिसळलेला दोरा वापरला होता, तो जंतूंना चालला नाही. बाकी गळा नाही, बाह्या नाहीत, काही नाही. चांगलं धडधाकट बनियन होतं ग, अजून एक वर्ष घातलं असतं!

ट्रॅक्टरवाल्याने आपणहून विचारलं की त्याच्या बांधाकडच्या पट्ट्यात असं करून बघायला तू मदत करशील का. मी त्याला सांगितलं, ती आल्यावर विचार, आता या शेतात तिचं चालतं. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात यंदापासून नांगर जाणार नाही. तिथे आज मी एक लाल फुलीचं बनियन पुरलं आहे. मध्ये उकरणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन.

विहिरीकडच्या बनियनचं जे उरलं, ते या पाकिटात घातलं आहे. उघडताना जपून, लाल दोऱ्याची फुली आहे, एवढीशी.

तुझी वाट बघणारा,
काका