फर्राजचा चेहरा

उम्म सैहून,
११ नोव्हेंबर १९९३

माझ्या आईच्या लेका, भाऊ फर्राज,

सलाम. तू, तुझी गोरी बायको आणि तुमचं ते नवं दुकान, सगळे खुशाल असाल. आम्हीही अल्लाच्या कृपेने ठीक. लंगड्या शेळीला दोन करडं झाली. पाऊस अजून नाही. सरकारने बांधून दिलेल्या घराचं छप्पर मात्र पावसाची वाट न बघता आताच पोपडे टाकायला लागलंय. गुहेत जन्म काढला, पण कधी डोक्यावर माती पडली नव्हती. अकबाच्या समुद्राची हवा तुला मानवते ना? शकीराला पाठवलेला झगा फार सुंदर आहे. एवढा भारी झगा कशाला, असं तिचा बाप अवाद म्हणाला. मी म्हटलं, मामाचा जीव आहे भाचीवर.

फोन केला असता, पण अबू खलफच्या दुकानातला फोन म्हणजे अख्ख्या गावाचा कान. म्हणून लिहितेय.

खाली पेट्रात आपली गुहा आठवते ना? आईच्या पिठाच्या कोपऱ्यात, भिंतीत कोरलेला तो दगड, दोन चौकोनी डोळे, सरळ नाक, तोंड नाहीच. जुन्या लोकांचा देव होता म्हणे. आई त्यावर चाळण टांगायची, कुणी पाहुणा आला की गोणी ओढून झाकायची. बाहेरच्याला त्याचा पत्ता नव्हता. तो दगड कुणीतरी भिंतीतून कापून नेला. खालचं वरचं न फोडता, नीट, करवतीने. अवादच त्या बाजूचा रखवालदार. त्यानेच शनिवारी पाहिलं आणि भोळ्यासारखा स्वतःच पुराणवस्तू खात्याच्या साहेबांकडे सांगायला धावला. साहेबांनी त्यालाच बसवून घेतलं. दिवसभर पोलिसांनी विचारलं, घरी आला तो जेवलाच नाही. नोकरीवरून तात्पुरता काढलाय. तात्पुरता म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

तू मागच्या महिन्यात आलास तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. आईची चाळण कुठे टांगायचो गं, असं तू विचारलंस, तेव्हा मी रडलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, "जरा खाली जाऊन येतो, जुन्या जागा बघतो." आलास तो दाराबाहेरच्या कॅनच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतलेस. आई जन्मभर ओरडली तरी तू कधी हात धुवून घरात आला नव्हतास. आणि तुझ्या भुवयांवर तिथल्या दगडाची गुलाबी धूळ होती, फर्राज. खाली चालून आलेल्याचे पाय मळतात. मी तेव्हा काही मनात आणलं नाही. आता दिवसभर तेच मनात येतं, पीठ मळताना, शेळ्यांना पाणी पाजताना.

आणखी एक. गुरुवारी, म्हणजे त्या शनिवारच्या दोन दिवस आधी, तुझा फोन आला. अबू खलफने मला हाक मारली. तू शेळ्यांचं विचारलंस, शकीराचं विचारलंस, आणि मग म्हणालास, "अवाद ठीक आहे ना? त्याला कुणी काही विचारलं नाही ना?" लग्न झाल्यापासून ज्याला तू 'तो गाढववाला' म्हणतोस, त्याची ही चौकशी! आणि गुरुवारी तर दगड गेल्याचं अवादलाही माहीत नव्हतं.

असेल. माणूस कधीतरी सहजही विचारतो. मी स्वतःला हेच सांगतेय.

काल निवाड्यासाठी हाज सुवैलमच्या तंबूत सगळे जमले. बायका पडद्याआड. आपला चुलत भाऊ मितअब, तोच, ज्याला माझ्याशी लग्न करायचं होतं, पहिला बोलला. "काय रे अवाद, भिंत तुझ्या नाकाखालून चालत गेली? का तिला जॉर्डनचा कंटाळा आला?" सगळे हसले. अवाद म्हणाला, "मी तिला हातही लावला नाही." मितअब म्हणाला, "खरंय, हात कशाला लावशील, करवत लावलीस." मग तो उठला, अवादच्या अंगावर गेला.

मी पडदा बाजूला करून आत गेले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"थांबा! अवादवर फर्राजचा चेहरा आहे! माझ्या भावाचा चेहरा!"

मितअबचा हात हवेतच राहिला. हाज सुवैलमने कॉफीचा पेला खाली ठेवला. "पोरी, काय बोललीस ते कळतंय ना तुला? फर्राज आता अवादचा जामीन, तो इथे नसला तरी त्याचाच शब्द झाला. आता त्याला येऊन उभं राहावं लागेल."

"कळतंय, काका."

"तो येईल?"

"माझ्या आईचा लेक आहे," मी म्हटलं.

तर असं झालं. तुझा चेहरा मी मध्ये ठेवला आहे, तुला न विचारता. आपल्यात बहिणीला तेवढा हक्क आहे. तो निभावला नाहीस तर काय होतं ते लहानपणी तू पाहिलं आहेस, हाजच्या तंबूवर काळं फडकं, आणि त्या माणसाचं नाव घेऊन कुणी कॉफी ओतत नाही. पुढच्या शुक्रवारी, नमाजनंतर, सगळ्यांसमोर तुला म्हणावं लागेल की अवादने दगड नेला नाही. आणि मग हाज विचारेल, तुला कसं माहीत?

लोकांना वाटतं मी नवऱ्याला वाचवलं. अवादलाही तसंच वाटतं, सकाळपासून माझ्याशी किती गोड बोलतोय बिचारा. पण फर्राज, चेहरा ठेवायला माझे दोन दीरही होते. मी तुझाच ठेवला. तू येतोस का, ते मला बघायचं आहे.

माझा संशय खोटा असेल तर ये, सगळ्यांसमोर मला शिव्या घाल, मी तुझ्या डोक्याचं चुंबन घेऊन माफी मागेन. खरा असेल तर दगड घेऊन ये. खालच्या एखाद्या खळग्यात सापडला म्हणून मी सांगेन, कुठून आला ते अवादलाही कळणार नाही. पण दगड तिकडेच ठेवून, नुसती शपथ घ्यायला आलास, तर मी पुन्हा पडद्याबाहेर येईन आणि गुरुवारच्या फोनचं सांगेन. माझ्या पोरांच्या बापापेक्षा तू मला जवळचा नाहीस.

आणि आलाच नाहीस, तर काळं फडकं हाजला शोधावं लागणार नाही. मी माझी काळी ओढणी देईन.

तुझ्या येण्याची वाट बघणारी, आणि त्यालाच घाबरणारी,
तुझी थोरली बहीण
फिद्दा