शालीत गुंडाळून

३ ऑगस्ट ८६, रवि.
शैलाच्या दुखण्याला काल एकदाचं नाव मिळालं. घाटकोपरच्या डॉ. बाई म्हणाल्या, 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी'. चौतीस वर्षांत माझ्या धाकट्या बहिणीला कुणीतरी पहिल्यांदाच 'नाटकी' सोडून दुसरं काही म्हटलं. आपली माणसं सोडून जातील ही भीती कायम मानगुटीवर. त्यापायी जीव लावते तो टोकाचा, चिडते तीही टोकाची, आणि मग स्वतःलाच इजा करून घेते. "ढोंग नाही हे, दुखणं आहे. दर गुरुवारी येऊन बोलायचं. वेळ लागेल, पण सावरतात माणसं यातून."
परतताना रिक्षात शैला म्हणाली, "अण्णा, नाव आहे म्हणजे माझ्यासारखी आणखी असतील ना रे?"
मुलुंड येईपर्यंत गुणगुणत होती.

८ ऑगस्ट, शुक्र.
पहिला गुरुवार पार पडला. आज नाहूरहून चुलतभाऊ बापू आला नि पाच मिनिटांत निदान बदललं: भूतबाधा. "डाक्टरांका काय कळता? तिका भायरचा लागला हा. गावाक घेवन चल, देवाक गाऱ्हाणा घालूया. नायतर लगीन करून टाक, सगळा जाग्यार येतला."
आमच्या घराण्यात लग्न हे औषध कावीळ सोडून सगळ्यावर चालतं. ज्याच्याशी लावायचं त्याची प्रकृती कुणी विचारत नाही.

१२ ऑगस्ट
वाट लागली. सुधाने (बायको. मनाने साधी, तोंडाने दवंडी) तळमजल्यावरच्या प्रधानबाईंना विश्वासात घेऊन सांगितलं. वर 'कुणाला बोलू नका हं'. दुसऱ्या मजल्यापर्यंत दुखण्याचं वेड झालं. गच्चीत पोचलं तेव्हा 'तिच्या अंगात दोन बायका आहेत'.
सु.: "अहो, मला वाटलं त्या समजून घेतील."

१७ ऑगस्ट, रवि.
गणपतीची मीटिंग. सात वर्षं सोसायटीच्या गणपतीत मुलांचं नाटक मी लिहितो, शैला बसवते. बाकीचं वर्ष ती त्यावरच काढते.
सेक्रेटरी कर्णिक घसा खाकरून म्हणाले, "शैलाताईंबद्दल आदरच आहे. पण मुलांच्या आया घाबरतात हो. कधी कुठली बाई वर येईल..."
मी: "अंगात दोघी असत्या तर मेंटेनन्स डबल लावला असतात तुम्ही."
कुणी हसलं नाही.
गेल्या साली तालमीच्या वेळी हॉल काढून घेतला म्हणून ती कर्णिकांवर ओरडली, ते सगळ्यांना पाठ. अडखळत बोलणारी मीनल तिच्याच हाताखाली अख्खं स्वगत म्हणून गेली, ते मात्र...
ठराव: शैलाला काढायचं नाही. छे! सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, 'प्रदीर्घ सेवेबद्दल'. नाटक प्रधानबाई बसवतील. आपल्यात माणसाला कुणी ढकलून देत नाही. शालीत गुंडाळून अलगद बाजूला ठेवतात.
मी नाटक परत मागितलं. "सायक्लोस्टाइलच्या प्रती निघाल्यात हो, अण्णा."

१८ ऑगस्ट
सांगितलं तिला. भडका. "तू तिथे बसून काय केलंस? जोक?"
करेक्ट.
कप फुटला. "तुम्ही सगळे सोडणारच होतात मला!" मग मोरीचं दार लावून रडणं. मी बाहेर स्टुलावर. बोललो तर चुकतं, गप्प बसलो तर सोडून गेलो असं होतं. सु. चहा घेऊन आली, तीही तिथेच बसून राहिली.

२१ ऑगस्ट, गुरु.
डॉ. कडे गेली नाही.
"तिथे गेले म्हणून नाव कळलं. नाव कळलं म्हणून मुलं गेली. नुसती रागीट होते तेव्हा चालत होते ना मी सगळ्यांना?"
जगावर लिहून पोट भरतो, नि घरात एक धड वाक्य सुचत नाही.

४ सप्टेंबर, गुरु.
आजही नाही. मधलाही बुडाला. खाली तालीम चालू झाली की शैला खिडकी लावून घेते. तरी ऐकू येतं. प्रधानबाईंचं दिग्दर्शन म्हणजे "मोठ्याने! मोठ्याने!"
मीनलचं काम काढून घेतलं. 'फार वेळ जातो.' सु. ने बातमी आणली. शैला भिंतीकडे तोंड करून पडून होती. तशीच म्हणाली, "तिला सांगितलं का कुणी, की तिचं काही चुकलं नाही म्हणून?"
कुणी सांगितलं नसणार.

११ सप्टेंबर, गुरु.
डॉ. कडे गेली. एकटी, स्वतःहून. आल्यावर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. विचारलं नाही. विचारलं की बिघडतं.

१३ सप्टेंबर, शनि., संध्याकाळ
आज सत्कार. मला वाटलं होतं जाणारच नाही. तर साडी नेसून तयार.
"शाल घेणार. मग माईक मागणार. दुखण्याचं नाव मीच सांगते. चुकीचं सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे, बरोबर कुणीतरी सांगायला नको?"
सु. मला कोपऱ्यात घेऊन: "अहो, समजवा ना तिला!"
मलाही म्हणायचं होतं, नको गं. शाल घे, नमस्कार कर, घरी ये. एकदा बोललीस की हे लोक जन्मभर विसरायचे नाहीत. प्रत्यक्षात म्हणालो, "आवाज चढू देऊ नकोस."
"चढला तर चढला. तू पुढच्या रांगेत बस. आणि काहीही झालं तरी मधेच उठून जाऊ नकोस."
खाली कॅरमची बक्षिसं सुरू झालीत. त्यानंतर तीच. शैला दारात चपला घालतेय. पुढच्या रांगेत खुर्ची आता कर्णिकांच्या शेजारचीच उरली असणार.
जातो.