मधे बोललं की ओतायचं

सर, शुक्रवारी मी भरलेलं सगळं परत ओतून टाकलं, चारचौघांच्या देखत, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटतोय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण ही गोष्ट तुमच्याशिवाय कळणार कुणाला? इथे ओमानात, सोहारला शेजारणीला सांगायला गेले तर म्हणेल, "अगं बाई, बंदुका कसल्या चालवतेस, त्यापेक्षा भिशीला ये."

तुमच्या घरी काडतुसं भरायचा दिवस म्हणजे दहीपोह्यांचा दिवस. बंदुकीच्या दारूजवळ ठिणगी नको म्हणून चूल सकाळपासून थंड, काकूंनी देवापुढे उदबत्तीसुद्धा लावायची नाही, आणि स्वयंपाकघरात तुम्ही पूजेला बसावं तसे पाटावर बसलेले. डुकरं भातात घुसायची म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना होता तुमचा. शाळेत विज्ञान शिकवायचात, रविवारी आम्हा पोरांना एअर रायफल. भरताना शेजारी बसून बघायची मुभा मला होती, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. जिल्ह्याच्या संघात माझी निवड होते त्या दिवशी मी धावत येते आणि उंबऱ्यातूनच ओरडते, "सर, माझं नाव लागलं!" तुम्ही मान वर करत नाही. दारू घातलेली, अजून बंद न केलेली एकेक पुंगळी उचलता, डब्यात परत ओतता आणि पहिल्यापासून सुरू करता. मी दारात उभी राहून मुसमुसते आहे. डबा कपाटात गेला, हात धुऊन झाले, मग वळलात. "हं, आता बोल. कुठल्या संघात?" आणि वर म्हणालात, "बातमी लग्नाची असो नाहीतर मयताची, मधे बोललं की ओतायचं. कुठवर आलो होतो ते आपल्याला आठवतंय, असं ज्याला वाटतं ना, त्याचीच बोटं जातात." अस्सा राग आला होता मला तुमचा! निवड झालेल्या पोरीला पेढा नाही, नुसते दहीपोहे.

तो राग कधी गेला ते कळलंच नाही. आता आठवडाभर कारखान्याच्या लॅबमध्ये ॲल्युमिनियमचे नमुने तपासते आणि शुक्रवारी खाबुरा गावाजवळच्या एका नेमबाजी क्लबात जाते. तिथे सभासद स्वतः काडतुसं भरतात. परवाना क्लबचा, खोली क्लबची, दारूचा डबाही क्लबच्या कुलपात. ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही किती टाकता?" मी तुमचंच उत्तर देते: प्रमाण तोंडी सांगायचं नाही आणि तोंडी ऐकायचंही नाही. क्लबवर या, दारू बनवणाऱ्या कंपनीचं पुस्तक स्वतः उघडून वाचा, मग माझ्या शेजारी बसा, हात कसा चालतो ते दाखवते. लोक म्हणतात, फार शिष्ट बाई आहे. म्हणू देत.

तर या शिष्ट बाईकडे क्लबाने पहिल्यांदाच सामन्याची काडतुसं सोपवली होती. तोवर भरायची ती माझी सरावापुरती, सामन्याच्या मी नुसत्या रिकाम्या पुंगळ्या पुसायची. सामना शनिवारी सकाळी, आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत भरायच्या खोलीला कुलूप लागतं. त्याआधी काम झालं नाही तर संघ हात हलवत जाणार आणि मी कायमची पुसायच्या कामावर. निम्म्याच्या वर आले होते, इतक्यात दार उघडून क्लबचे प्रमुख आत आले. सत्तरीचे ओमानी आहेत, सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतात, हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार. "सलाम अलैकुम, बेटी!" म्हणाले आणि थांबून राहिले. इथे सलामाला उत्तर न देणं म्हणजे केवढा अपमान. मी उत्तर दिलं. मग तब्येत, घरचे, नोकरी, गावची ख्यालीखुशाली, इथल्या रीतीप्रमाणे सगळं साग्रसंगीत. आणि खाली बघते तर हातातल्या पुंगळीत दारू घातली की घालायची, मला सांगता येईना.

मी म्हटलं, "ओतते." संघातला वसईचा माझा जोडीदार, हॉटेलात काम करतो, तो तर उडालाच. "वेडी झालीस काय गो? उद्या मॅच आहे! एकच बघ ना ती, बाकी सोड. यल्ला, पुढे चल!" अर्बाबांचा चेहरा पडला. आपण आलो म्हणून हे ओतलं जातंय, हे त्यांना दिसत होतं. मलाही वाटलं, सोडावं, सर, खोटं कशाला बोलू. पण एकेक पुंगळी काट्यावर रिकामी करत गेले. बरोबर, बरोबर, बरोबर. जोडीदार घड्याळ बघून उसासे टाकतोय. आणि मग एका पुंगळीला काटा दुप्पट दाखवायला लागला. हातातली नव्हेच ती, तिच्या कितीतरी आधीची. ही उद्या कुणाच्या तरी हातात फुटली असती. जोडीदाराने गळ्यातल्या क्रूसाला हात लावला. अर्बाब "अल्हमदुलिल्ला" म्हणाले, कहव्याचा, इथल्या कॉफीचा, थर्मास उचलला, बाहेर खुर्ची टाकली आणि दाराला पाठ लावून बसले. येईल त्याला अडवत होते. "अंदर बेटी का काम चल रहा है. कहवा पियो, चुप बैठो." उभ्या जन्मात ज्याने पाहुण्याला दारात थांबवलं नाही तो माणूस! कुलपाच्या थोडं आधी माझं काम पुरं झालं. माझ्या चुकीवर तुमचा नियम जिंकला, आणि मी तो पाळला म्हणून मीही जिंकले!

सामन्यात आम्ही दुसरे आलो, बोटं सगळ्यांची शाबूत. बक्षीस घेतल्यावर अर्बाबांनी तिथेच सांगून टाकलं, यापुढे क्लबात नवीन माणूस भरायला शिकेल तो या बेटीकडूनच, आणि ती कामाला बसली की तिला कुणी सलामसुद्धा करायचा नाही. टाळ्या पडल्या, सर! पुंगळ्या पुसणारीला टाळ्या!

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. माझ्या हातात कहव्याचा कप देताना अर्बाबांनी विचारलं, "बेटी, ये किसने सिखाया?" शिक्षकाला इथे उस्ताद म्हणतात, मला शब्द चांगला ठाऊक होता. माझे वडील गावी ठणठणीत आहेत, फटाका वाजला तरी कानांवर हात ठेवतात. तरी मी म्हटलं, "मेरे बाबा ने."